डॉक्टर हू : कोणता काळ सोन्याचा आणि कोणता वाया गेलेला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा मालिका, काळात भटकणाऱ्या ‘डॉक्टर’ नावाच्या परग्रहवासी नायकाची. तिचा कोणता काळ उत्तम आणि कोणता टाकाऊ, याबद्दल चाहत्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल; एकच मुद्दा दोनदा येऊ नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे. प्रश्न ४, ११ आणि १२ मध्ये कथांचे शेवट उघड होतात, तेवढं ध्यानात असू द्या.

१. ‘कालखंड’ म्हणजे नक्की काय? डॉक्टर बदलला की कालखंड बदलला, असंच ना?

बहुतेकजण तसंच मोजतात, आणि निम्मी भांडणं तिथूनच सुरू होतात. मालिका बीबीसीवर २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तीन वर्षांनी विल्यम हार्टनेल यांना तब्येत साथ देईना, तेव्हा नायकाचं शरीरच बदलतं अशी तोड निघाली आणि पॅट्रिक ट्राउटन आले. तेव्हापासून प्रत्येक चाहत्याचा एक ‘माझा डॉक्टर’ असतो आणि तो त्याच्या नावाने काळ मोजतो.

पण पडद्यावर काय दिसणार हे ठरवणारी माणसं वेगळी असतात. जुन्या मालिकेत (१९६३ ते १९८९) ती म्हणजे निर्माता आणि स्क्रिप्ट एडिटर (लेखकांकडून संहिता लिहून घेणारा). नव्या मालिकेत (२००५ पासून) शोरनर, म्हणजे लेखन आणि निर्मिती दोन्हींचा प्रमुख. टॉम बेकर १९७४ ते १९८१ डॉक्टर होते. तेवढ्यात फिलिप हिंचक्लिफ यांच्या हाताखाली ती भयकथा झाली, ग्रॅहम विल्यम्स यांच्या हाताखाली हलकीफुलकी झाली आणि जॉन नेथन-टर्नर आल्यावर गंभीर, विज्ञानाकडे झुकलेली झाली. डॉक्टर तोच, गळ्यात लांबलचक मफलरही कायम. अशा वेळी ‘टॉम बेकरचा काळ सर्वोत्तम’ या वाक्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून माझं सांगणं एकच: डॉक्टर कोण होता ते नंतर विचारा, संहिता कोण लिहून घेत होतं ते आधी विचारा. पुढची बरीचशी उत्तरं याच मुद्द्यावर उभी आहेत.

२. मी नवीन आहे. कोणत्या काळापासून सुरुवात करू?

२००५ची ‘रोझ’ किंवा १९७०ची ‘स्पिअरहेड फ्रॉम स्पेस’. दोन्ही कथा नव्या प्रेक्षकासाठीच रचलेल्या आहेत: डॉक्टर हा कोण प्राणी आहे हे पडद्यावरच्या माणसांनाही ठाऊक नसतं, त्यामुळे तुम्ही मागे पडत नाही. ‘स्पिअरहेड’ ही पहिली रंगीत कथा, जॉन पर्टवी यांचीही पहिली. १९६३पासून ओळीने बघायचा हट्ट मात्र धरू नका. त्याचं कारण प्रश्न ६ मध्ये आहे.

३. मग एक नाव घ्या. सर्वोत्तम काळ कोणता?

१९७५ ते १९७७: निर्माते फिलिप हिंचक्लिफ, स्क्रिप्ट एडिटर रॉबर्ट होम्स. बऱ्याच जुन्या चाहत्यांचं उत्तर हेच असतं आणि माझंही.

‘द आर्क इन स्पेस’चं उदाहरण घ्या. नोआ नावाच्या प्रमुखाला परग्रहावरच्या किड्याचा संसर्ग झालाय. त्याचा हात खिशात आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो हात बाहेर काढतो आणि हात हिरवा, फोडाफोडांचा झालेला असतो. तो हात म्हणजे हिरवा रंग दिलेला बबल रॅप आहे, आणि आज ते लगेच ओळखू येतं. तरीही प्रसंग अंगावर येतो, कारण नोआ आपल्याच हाताकडे ज्या किळसेने बघतो ती खरी आहे, आणि संहितेने त्याला आधी माणूस म्हणून उभं केलेलं आहे. पैसा कमी असताना भीती कुठून आणायची, हे या जोडीला बरोबर कळलं होतं.

याच काळात ‘जेनेसिस ऑफ द डालेक्स’ आली. तिच्यात डॉक्टर हातात दोन तारा धरून उभा राहतो आणि डालेक या आपल्या कट्टर शत्रूंची अख्खी जात जन्मण्याआधीच संपवण्याचा अधिकार आपल्याला आहे का, असं विचारतो. ‘पिरॅमिड्स ऑफ मार्स’ आणि ‘द रोबॉट्स ऑफ डेथ’ही याच काळातल्या. इतक्या थोड्या अवधीत इतक्या चांगल्या कथा मालिकेने पुन्हा दिल्या नाहीत. या काळावर एक मोठा डागही आहे, त्याबद्दल प्रश्न १३ पाहा.

४. आणि सर्वांत वाईट?

‘डॉक्टर हू मॅगझिन’ने २००९ आणि २०१४ मध्ये वाचकांची मतं घेतली, तेव्हा दोन्ही वेळा तळाला एकच कथा होती: ‘द ट्विन डिलेमा’. गंमत अशी की २००९ मध्ये पहिल्या क्रमांकावर आलेली ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ तिच्या अगदी आधीची आहे. ‘अँड्रोझानी’ १६ मार्च १९८४ला संपली, ‘ट्विन डिलेमा’ २२ मार्चला सुरू झाली. मधे सहा दिवस. निर्माता तोच, स्क्रिप्ट एडिटर एरिक सेवर्ड तेच.

‘अँड्रोझानी’ लिहिली होती रॉबर्ट होम्स यांनी. डॉक्टर आणि त्याची नवी सहप्रवासी पेरी सुरुवातीलाच एका विषारी पदार्थाला हात लावतात आणि पुढचे चारही भाग दोघं मरणाच्या वाटेवर असतात. विश्व वाचवायचं नाहीये. फारशी ओळखही न झालेल्या एका मुलीला वाचवायचं आहे. औषध एकालाच पुरेल इतकं उरतं, डॉक्टर ते तिला देतो आणि स्वतः जातो. पुढच्याच आठवड्यात नवा डॉक्टर (कॉलिन बेकर) त्याच मुलीचा गळा आवळतो.

नव्या डॉक्टरला बिथरलेला दाखवण्यात वावगं काही नव्हतं. चूक पुढे झाली. ती कथा सीझनची शेवटची होती, पुढची कथा जानेवारी १९८५ मध्ये आली, आणि तोवर नऊ महिने प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर हाच माणूस राहिला. ‘ट्विन डिलेमा’पासून १९८५च्या सीझनपर्यंतचा पट्टा मला सगळ्यात कमजोर वाटतो. त्यातल्या ‘व्हेंजन्स ऑन व्हॅरोस’ला मात्र मी वगळतो. छळ आणि फाशी घरोघरी पडद्यावर दाखवणाऱ्या, त्यावर प्रेक्षकांची मतं घेणाऱ्या समाजाची ती गोष्ट आजही धारदार आहे.

५. म्हणजे खापर कॉलिन बेकर यांच्यावर फोडायचं?

नाही. त्यांना काळा पोशाख हवा होता, अंगावर आला तो निर्मात्याच्या पसंतीचा रंगीबेरंगी कोट. १९८५च्या सुरुवातीला बीबीसीने मालिका थांबवली आणि ती परत यायला दीड वर्ष लागलं. परतल्यावर आली चौदा भागांची ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’. तिचा शेवट लिहीत असताना मे १९८६ मध्ये होम्स वारले. सेवर्ड निर्मात्याशी बिनसल्यामुळे निघून गेले आणि त्यांनी शेवटच्या भागाची आपली संहिताही मागे घेतली. पिप आणि जेन बेकर या लेखक जोडप्याने त्या संहितेतलं काहीही न वापरता घाईघाईत नवा शेवट लिहिला. एवढं सगळं झाल्यावर काढून टाकलं गेलं ते नटाला.

या माणसाची खरी कुवत पुढे ध्वनिनाट्यांत दिसली. बिग फिनिश या कंपनीने १९९९पासून जुन्या डॉक्टरांच्या नव्या कथा काढल्या. त्यातल्या २००३च्या ‘ज्युबिली’मध्ये साखळदंडात बांधलेला एकटा डालेक आणि कॉलिन बेकरचा डॉक्टर समोरासमोर येतात. तिचे लेखक रॉबर्ट शिअरमन यांनी तीच कल्पना नव्याने रचून २००५ची ‘डालेक’ ही कथा लिहिली. ज्या डॉक्टरला सगळ्यांनी निकालात काढलं होतं, त्याच्याच एका कथेतून नव्या मालिकेला तिचा पहिला डालेक मिळाला.

६. ट्राउटन यांच्या काळाला सगळे इतकं डोक्यावर घेतात, पण त्यातले कितीतरी भाग उपलब्धच नाहीत. मग मत कशाच्या आधारे द्यायचं?

बीबीसीने साठच्या दशकातल्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, फिल्मच्या प्रतीही टाकून दिल्या. नव्वदहून जास्त भाग आज सापडत नाहीत. आवाज मात्र प्रत्येक भागाचा आहे, कारण त्या वेळच्या चाहत्यांनी घरी टीव्हीसमोर रेकॉर्डर ठेवून तो टिपला होता.

गहाळ कथेची कीर्ती फसवी असते, आणि ती दोन्ही बाजूंनी फसवते. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’चा सहापैकी एकच भाग, तिसरा, शिल्लक होता. तो नेमका मंद, त्यामुळे सगळी कथाच रटाळ ठरली होती. २०१३ मध्ये नायजेरियातल्या जोस शहरात उरलेले भाग मिळाले आणि कळलं की ट्राउटन यांनी त्यात डॉक्टर आणि खलनायक सॅलमँडर अशा दोन भूमिका कमालीच्या वेगळ्या केल्या आहेत. कथा एका रात्रीत वर चढली. उलट ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ हरवलेली होती तोवर अजोड मानली जायची. हाँगकाँगहून तिचे चारही भाग मिळाले, १९९२ मध्ये लोकांनी ते पाहिले, आणि कथा चांगली असली तरी दंतकथेएवढी नाही हे अनेकांनी कबूल केलं. म्हणून ट्राउटन यांच्या अभिनयाबद्दल खुशाल बोला, पण त्या काळाला पक्का क्रमांक देणाऱ्याला ‘कशाच्या जोरावर?’ असं जरूर विचारा.

७. प्रेक्षकसंख्या बघितली की प्रश्न मिटतो ना?

मिटत नाही. १९७९च्या ‘सिटी ऑफ डेथ’चा शेवटचा भाग १ कोटी ६० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, पण तेव्हा प्रतिस्पर्धी आयटीव्ही वाहिनी संपामुळे बंद होती. १९८९च्या ‘बॅटलफील्ड’चा पहिला भाग ३१ लाखांच्या आसपास अडकला, कारण समोर ‘कॉरोनेशन स्ट्रीट’ ही लोकप्रिय मालिका लावलेली होती. आकड्यावरून त्या रात्री लोकांसमोर दुसरं काय होतं ते कळतं, कथेचा दर्जा कळत नाही.

८. टॉम बेकर यांचा ‘विनोदी’ काळ (१९७७ ते १९८०) इतका बदनाम का?

कारण तो कुणाच्या आवडीतून कमी आणि वरच्या हुकमातून जास्त घडला. १९७६च्या ‘द डेडली असॅसिन’मध्ये एक भाग डॉक्टरचं डोकं पाण्याखाली दाबलेलं असताना गोठलेल्या चित्रावर संपतो. त्यावर टीव्हीवरच्या हिंसेविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या मेरी व्हाइटहाउस यांनी तक्रारींची राळ उडवली आणि बीबीसीने माफी मागितली. हिंचक्लिफ दुसऱ्या मालिकेवर गेले. नवे निर्माते विल्यम्स यांना हिंसा कमी करा असा आदेश होता, आणि महागाईने खिसाही फाटलेला. भीती काढून घेतली की जागा भरायला विनोदच उरतो. १९७९-८०च्या सीझनला स्क्रिप्ट एडिटर म्हणून डग्लस अ‍ॅडम्स आले आणि जमलं तेव्हा ‘सिटी ऑफ डेथ’सारखं झकास जमलं. जमलं नाही तेव्हा ‘द हॉर्न्स ऑफ नायमॉन’. तरी सरसकट नाकं मुरडण्यासारखा हा काळ नाही.

९. जुन्या चाहत्यांना आपल्या लहानपणीचंच सगळं भारी वाटतं, एवढंच खरं नाही का?

थोडंफार खरं आहे, पण एवढंच असतं तर मतं बदललीच नसती. प्रश्न ८ मधली ‘द डेडली असॅसिन’ आज उत्तम कथांत गणली जाते. ती आली तेव्हा डॉक्टर हू अ‍ॅप्रिसिएशन सोसायटीच्या अंकात तिच्यावर कडाडून टीका झाली होती. ज्यांना देवासारखं मानायचं त्या टाइम लॉर्ड्सना, म्हणजे डॉक्टरच्या जातभाईंना, होम्सने कुरकुरे, कारस्थानी म्हातारे करून टाकलं, ही तक्रार. पुढच्या सगळ्या लेखकांनी टाइम लॉर्ड रंगवले ते त्याच साच्यात.

दुसरी गोष्ट १९८६ची. बीबीसीच्या ‘ओपन एअर’ कार्यक्रमात एक तरुण चाहता ‘द ट्रायल ऑफ अ टाइम लॉर्ड’च्या लेखकांसमोर बसून ती किती ठोकळेबाज आहे ते सांगत होता. त्याचं नाव ख्रिस चिबनल. २०१८ मध्ये तोच शोरनर झाला आणि चाहत्यांनी त्याच्या संहितांबद्दल जवळपास तेच शब्द वापरले.

१०. १९८९ मध्ये मालिका बंद पडली ती वाईट झाली म्हणूनच ना?

हा समज मला सगळ्यात जास्त खुपतो. सिल्व्हेस्टर मकॉय यांचा पहिला सीझन, १९८७चा, खरोखर ढिसाळ होता. ‘टाइम अँड द रानी’ची सुरुवात तर मकॉय यांनाच कॉलिन बेकरचा विग घालून उरकावी लागली, कारण केवळ रीजनरेशनपुरतं (शरीर बदलण्याच्या प्रसंगापुरतं) यायला बेकर यांनी नकार दिला होता. नवे स्क्रिप्ट एडिटर अँड्र्यू कार्टमेल आले तेव्हा ही कथा आधीच ठरलेली होती. त्यांना हवे ते लेखक मिळाल्यावर १९८८ मध्ये ‘रिमेंब्रन्स ऑफ द डालेक्स’ आली. तिच्यात डालेक जिना चढून वर येतो आणि ‘डालेकला जिना चढता येत नाही’ ही वर्षानुवर्षांची थट्टा एका दृश्यात संपते. १९८९ मध्ये ‘घोस्ट लाइट’, ‘द कर्स ऑफ फेनरिक’ आणि ‘सर्व्हायव्हल’. एस ही सहप्रवासी मुलगी, तिचं आईशी असलेलं वाकडं, तिचं कंटाळवाणं उपनगर: २००५ची रोझ याच वाटेने आली.

नट तोच, निर्माता तोच, आणि दोन वर्षांत तळापासून शिखरापर्यंत. ‘सर्व्हायव्हल’ ६ डिसेंबर १९८९ला संपली तेव्हा मालिका चांगली चालली होती, फक्त ती बघणारं फारसं कुणी उरलं नव्हतं.

११. डेव्हिस की मॉफट? आणि चिबनलचा काळ खरंच इतका वाईट होता?

पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर: डेव्हिसच्या घरात लिहिणारा मॉफट. ‘द एम्प्टी चाइल्ड’, ‘द गर्ल इन द फायरप्लेस’, ‘ब्लिंक’ या कथा स्टीव्हन मॉफट यांनी लिहिल्या तेव्हा शोरनर होते रसेल टी. डेव्हिस. माणसं डेव्हिसना जास्त कळतात, कोडी मॉफटना. मॉफटच्या स्वतःच्या कारकिर्दीत (२०१० ते २०१७) कोडी कधीकधी माणसांवर कुरघोडी करतात. पण २०१५ची ‘हेवन सेंट’ पाहा: एकटा पीटर कपाल्डी (तेव्हाचा डॉक्टर), हिऱ्याहून कठीण भिंत, आणि शतकानुशतकं तीच मूठ त्याच जागी. तिथे कोडं आणि शोक एकच होतात.

चिबनल यांच्या काळाबद्दल आधी एक फोड करून घ्या. ‘डॉक्टर बाई का?’ ही तक्रार म्हणजे टीका नव्हे, आणि जोडी व्हिटेकर यांच्या कामात खोट नव्हती. संहितेबद्दलची तक्रार मात्र रास्त आहे. सुरुवातीला तीन-तीन सहप्रवासी, आणि जो तो आपल्याला काय वाटतंय ते बोलून दाखवतो. ‘करब्लॅम!’मध्ये तर कामगारांना पिळणाऱ्या कंपनीच्या यंत्रणेचीच बाजू डॉक्टर घेते. तो शेवट मला आजही पटत नाही.

पण ‘डीमन्स ऑफ द पंजाब’ही याच काळातली. विनय पटेल यांची ही कथा फाळणीच्या दिवसांत घडते. डॉक्टरची सहप्रवासी यास हिच्या आजीचं, उमब्रीनचं, प्रेम या हिंदू तरुणाशी लग्न लागतं आणि त्याचा सख्खा भाऊच जमाव घेऊन येतो. डॉक्टर काही करू शकत नाही, कारण प्रेम वाचला तर यास जन्मणार नाही. सगळे पाठ फिरवून चालू लागतात आणि मागे गोळीचा आवाज येतो. इथे कुणीही भाषण करत नाही. याच लेखकांना असंच शांत राहू दिलं असतं तर या काळाची वासलात अशी लागली नसती.

१२. ‘टाइमलेस चाइल्ड’ मी मानत नाही. चालेल का?

खुशाल. १ मार्च २०२०च्या भागात कळलं की हार्टनेलच्या आधीही डॉक्टरचे अनेक अवतार होऊन गेले आणि ती मुळात टाइम लॉर्डच नव्हती. बीबीसीने ‘हे प्रमाण, ते अप्रमाण’ अशी यादी कधी काढलेली नाही, त्यामुळे तुम्हाला कुणी अडवू शकत नाही. फक्त ‘असं आधी कधीच नव्हतं’ हा युक्तिवाद करू नका. १९७६च्या ‘द ब्रेन ऑफ मॉर्बियस’मध्ये मनांच्या द्वंद्वात हार्टनेलच्या मागे आणखी आठ चेहरे दिसतात, आणि हिंचक्लिफ यांना ते आधीचे डॉक्टर म्हणूनच दाखवायचे होते. म्हणजे ही कल्पना प्रश्न ३ मधल्या सोनेरी काळातलीच. माझी तक्रार वेगळी आहे: एवढा मोठा खुलासा प्रसंगातून घडायला हवा होता. तो मास्टर हा खलनायक उभा राहून सांगतो आणि डॉक्टर बांधल्यासारखी ऐकते.

१३. सर्वोत्तम काळातली ‘द टॅलन्स ऑफ वेंग-चिआंग’ वंशभेदी आहे. मग तो काळ सर्वोत्तम कसा?

प्रश्न अगदी योग्य आहे आणि टाळता येणारा नाही. १९७७च्या या कथेतला जादूगार ली ह्सेन चँग हा चिनी माणूस जॉन बेनेट या गोऱ्या नटाने रंगरंगोटी करून साकारलाय. बाकीची चिनी पात्रं म्हणजे गुंड आणि अफूबाज. ‘तेव्हा असंच असायचं’ म्हणून हे झटकता येत नाही, कारण होम्स यांना हवं तेव्हा माणूस आतून रंगवता येत होता. चँगचा मृत्यूच त्यांनी किती हळुवार लिहिलाय! जॅगो आणि लाइटफूट ही जोडी, संवादांची लय, सगळं अव्वल आहे, आणि डागही त्याच वाक्यांत आहे. मी कथेला यादीतून काढत नाही. पण नवख्या माणसाला ती पहिली दाखवत नाही, आणि दाखवतो तेव्हा आधी सांगतो. ज्याला ती बघवत नाही त्याच्याशी वाद घालायला मी जात नाही.

१४. न्शूटी गाटवा यांचा काळ कुठे ठेवायचा?

इतक्यात कुठेच नको. डेव्हिस परत आले, डिस्नेचा पैसा आला आणि सीझन आठ भागांचा झाला. ‘७३ यार्ड्स’सारखी विलक्षण कथा मिळाली. मग ३१ मे २०२५ला गाटवाचा डॉक्टर बदलला आणि पडद्यावर चक्क बिली पायपर, म्हणजे २००५ची रोझ साकारणारी नटी, उभी राहिली. आठ भागांत डॉक्टर आणि त्याची सोबतीण यांना एकमेकांत मुरायला वेळ मिळाला नाही, एवढं आताच म्हणता येईल.

१५. पॉल मॅगॅन एकाच चित्रपटात डॉक्टर होते. त्यांचा ‘कालखंड’ धरायचा का?

टीव्हीपुरतं बघितलं तर तो एका रात्रीचा आहे. १९९६चा चित्रपट ब्रिटनमध्ये ९० लाखांहून जास्त लोकांनी पाहिला, अमेरिकेत चालला नाही, म्हणून पुढची मालिका झालीच नाही. संहिता गोंधळलेली आहे आणि मॅगॅन पहिल्या दृश्यापासून डॉक्टर आहेत. प्रश्न १ मधली कसोटी इथे अपुरी पडते, कारण लिहून घेणारं पुढे कुणी उरलंच नाही.

पण २००१पासून ते बिग फिनिशच्या ध्वनिनाट्यांत काम करत आहेत आणि तिथे त्यांच्या डॉक्टरला अख्खं आयुष्य मिळालं. २०१३ मध्ये ‘द नाइट ऑफ द डॉक्टर’ या सात मिनिटांच्या लघुपटात ते पडद्यावर परतले. मरण्याआधी त्यांचा डॉक्टर आपल्या सोबत्यांची नावं घेतो: चार्ली, क्रिझ, लूसी, टॅम्सिन, मॉली. पाचही नावं ध्वनिनाट्यांतली. मॉफट यांनी लिहिलेल्या त्या एका ओळीने ती सगळी वर्षं पडद्यावरच्या मालिकेत जमा झाली. त्यामुळे माझ्या यादीत मॅगॅन यांचा कालखंड आहे, आणि तो दोन्ही बेकरांच्या मधे बसतो.